माणशी दीडशे रुपये

कोलंबस डेच्या लांब सुट्टीतल्या शनिवारी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही चार कुटुंबे दोन गाड्यांतून न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून सफरचंदांच्या उत्सवासाठी शेजारच्या वेन कौंटीकडे निघालो होतो, तेव्हा माझ्या थोरल्या चुलत्यांचा निरोप घरच्या व्हॉट्सॲप गटावर येऊन पडला. तासगाव तालुक्यात त्या वेळी संध्याकाळचे साडेसहा वाजले असणार आणि आप्पा दिवेलागणीला सोप्यात बसून, चष्मा कपाळावर चढवून, एका बोटाने अक्षर अक्षर शोधत लिहीत असणार, हे मला न पाहताही दिसत होते. निरोप दोनच ओळींचा होता. "या घरानं द्राक्षं विकली, बेदाणा विकला. पाहुणचार विकला नव्हता, तेवढं राहिलं होतं."

निमित्त झाले होते एका फलकाचे. आप्पांचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याने गेल्या दोन हंगामांपासून मणेराजुरीच्या पुढे रस्त्याला लागून असलेला आपल्या बागेचा एक तुकडा येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी खुला ठेवला आहे. फेब्रुवारी-मार्चमधल्या रविवारी सांगली-मिरजेची आणि कोल्हापूरकडची कुटुंबे येतात, माणशी दीडशे रुपये देतात, मांडवाखाली बसून हवी तेवढी द्राक्षे खातात, दोन-चार घड स्वतःच्या हाताने कापून त्यांचे वजनावर वेगळे पैसे मोजतात आणि वहिनींच्या हातचे पिठले-भाकरी खाऊन परत जातात. येत्या हंगामासाठी दादाने नवा फलक रंगवून घेतला आणि त्याचे छायाचित्र हौसेने गटावर टाकले. आप्पा त्यावर जे बोलले ते वर दिलेच आहे. साताऱ्याच्या आत्यांच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या मामांनी, जे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि गटावरही शाळा भरवतात, त्यात भर घातली की हे सगळे अमेरिकेचे खूळ आहे आणि तिकडचे फोटो बघून बघून पोरांची डोकी फिरली आहेत. तिकडचे फोटो गेली कित्येक वर्षे दर ऑक्टोबरात कोण पाठवते, हे गटावरच्या सर्वांना ठाऊक आहे.

मी गाडी चालवत नव्हतो, त्यामुळे उत्तर लिहायला मोकळा होतो. वीस मिनिटांत मी जे लिहिले ते छापले असते तर दैनिकाचा एक स्तंभ भरला असता. ते पाठवणार तेवढ्यात फोनचे सिग्नल गेले, आणि माझा मुद्देसूद, थोडासा उद्धट आणि पुष्कळसा विद्वत्ताप्रचुर मजकूर सफरचंदांच्या उत्सवात दिवसभर खिशात राहिला. जे घडले ते बरे झाले की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

उत्सव दरवर्षीसारखाच होता. गावाच्या मुख्य रस्त्यावरून जुन्या ट्रॅक्टरांची मिरवणूक, अग्निशमन दलाच्या आवारात ॲपल पाय या गोड पदार्थाची स्पर्धा, चर्चच्या बायकांचे सायडर डोनट, हायस्कूलच्या मुलांचा बँड, आणि मग तिथून दोन मैलांवरच्या बागेत सफरचंदे तोडायला झुंबड. बागेत गाडी लावायचे पैसे वेगळे, हेराइडचे, म्हणजे गवत अंथरलेल्या गाडीतल्या फेरीचे, वेगळे, मक्याच्या शेतातल्या भूलभुलैयाचे वेगळे, आणि सफरचंदांची पेक पिशवी, म्हणजे साधारण पाच किलोंची, आत शिरण्याआधीच विकत घ्यायची. आमच्यातला नाशिकचा मित्र, ज्याच्या मते सांगलीची द्राक्षे म्हणजे केवळ बेदाण्याचा कच्चा माल, पैसे देताना म्हणाला, "शेतकऱ्याचं काम आपण करायचं, आणि वर त्यालाच मजुरी द्यायची." सगळे हसले. मीही हसलो, पण माझ्या मनात तेव्हा वीस मिनिटांचा तो मजकूर चालूच होता, आणि नाशिककराचे हे वाक्य आप्पांच्याच बाजूचे आहे हे लक्षात आल्यावर मी हसणे आवरते घेतले.

बागेत शिरल्यावर मला दर वर्षी एकच गोष्ट प्रथम दिसते, ती म्हणजे तार. लहानपणी चित्रांत पाहिलेले सफरचंदाचे ऐसपैस झाड आता मुख्यत्वे चित्रांतच उरले आहे. नव्या बागांत बुटक्या खुंटावरची, माणसाच्या हाताला येणारी झाडे खांबांना आणि तारांना बांधून ओळीने उभी केलेली असतात, अगदी आपल्याकडच्या वाय आकाराच्या मांडवातल्या वेलींसारखी. ओळीच्या तोंडाशी जातीचे नाव लिहिलेली पाटी असते. मॅकिंटॉश, कोर्टलंड, आणि एम्पायर, जी जात इथून तासाभराच्या अंतरावरच्या, न्यूयॉर्क राज्यातल्याच जिनिव्हा गावच्या संशोधन केंद्रात तयार होऊन 1966 मध्ये बाहेर आली. मुले मात्र हनीक्रिस्पच्या ओळीत पळतात. मिनेसोटा विद्यापीठाने 1991 मध्ये ती जात दिली आणि तिच्या कुरकुरीतपणाने इथल्या बाजारात सफरचंदाचा भावच बदलून टाकला. बागेचा मालक, पासष्टीचा, लाल चेहऱ्याचा गृहस्थ, प्रत्येक गटाला तेच तेच न कंटाळता सांगत होता की फळ ओढायचे नाही, तळहातात धरून वर उचलायचे आणि किंचित पिळायचे, म्हणजे देठ सुटतो आणि पुढच्या वर्षीचा डोळा फांदीवर शाबूत राहतो. दादा कात्री हातात देताना येणाऱ्यांना ओढायचे नाही, हेच सांगतो, फक्त त्याचा आवाज चढा असतो.

माझ्या न गेलेल्या उत्तरातला पहिला मुद्दा पैशांचा होता, आणि तो अजूनही मला बरोबर वाटतो. द्राक्षबाग हे जुगाराचे पीक आहे, असे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, काडीला पेस्ट, मग फुटवे, विरळणी, जीए या संजीवकाच्या बुडवण्या, दावण्या आणि भुरी या रोगांसाठी फवारण्यांवर फवारण्या. एकरी काही लाख रुपये जमिनीत घालून शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. फुलोऱ्यात पाऊस झाला तर मणीगळ आणि घडकूज, काढणीला पाऊस झाला तर मणी तडकतात. सगळे निभावून माल तयार झाला की दलाल बागेत येतो, तोंडी भाव ठरतो, चार किलोच्या पेट्या भरून गाडी जाते, आणि कधी कधी दलालही त्या गाडीसारखाच जातो, तो परत येत नाही. आमच्या घरी हे एकदा घडले आहे. पैसे बुडाले त्या वर्षी आप्पांनी चार महिने कोणाशी धड बोलणे केले नाही. व्यापाऱ्याचा भाव पडला तर माल शेडवर टाकायचा, म्हणजे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा करायचा आणि तासगावच्या सौद्यात जो भाव निघेल तो घ्यायचा. या सगळ्या साखळीत एकच असे ठिकाण आहे जिथे खाणारा माणूस थेट वेलीखाली येऊन शेतकऱ्याच्या हातावर रोख पैसे ठेवतो, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आमच्या घरच्यांना घराण्याची अब्रू आठवते. दलालाने बुडवले तर ते नशीब, आणि मिरजेच्या एखाद्या बँकेतल्या कारकुनाने आनंदाने दीडशे रुपये दिले तर ती बेअब्रू, हा हिशेब मला समजत नाही.

इथल्या बागवाल्यांनाही हा शहाणपणा आकाशातून मिळालेला नाही. ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिण काठावरचा हा पट्टा सफरचंदाचा झाला तो सरोवरामुळे. पाणी हळू तापते आणि हळू निवते, त्यामुळे वसंतात बहर उशिरा येतो आणि बहुधा कडाक्याच्या थंडीतून वाचतो. बहुधा. 2012 च्या मार्चमध्ये अवेळी उकाडा झाला, झाडे महिनाभर आधी फुलली, आणि एप्रिलच्या गोठलेल्या दहिवराने राज्यातले निम्मे पीक गेले. मिशिगन राज्यात तर जवळजवळ काहीच उरले नाही. चांगल्या वर्षीही जे फळ डागाळलेले किंवा लहान निघते ते रसाच्या कारखान्याला मातीमोल जाते. तेव्हा रविवारी शहरातून येणारी मोटार ही या बागवाल्यांच्या दृष्टीने आणखी एक पीकच आहे, आणि ते पीक दहिवराने जात नाही. महाराष्ट्र सरकारनेही 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले, म्हणजे मंत्रालयाला जे पटले ते आमच्या सोप्याला अजून पटायचे आहे.

साताऱ्याच्या मामांच्या "अमेरिकेच्या खुळा"ला मी जे उत्तर लिहिले होते, ते लिहिताना मला विशेष आनंद झाला होता हे कबूल करायला हरकत नाही. ज्या बागेत हे खूळ शिरल्याचे त्यांना दुःख आहे, ती बाग मुळापासून अमेरिकन आहे. खारपड जमीन आणि पाण्याचा ताण सोसावा म्हणून आमच्याकडच्या बागा गेली कित्येक वर्षे डॉगरिजच्या खुंटावर कलम करून लावल्या जातात, आणि डॉगरिज हा टेक्सासकडच्या रानटी द्राक्षाचा खुंट आहे. वर जी जात आहे तिचे मूळ थॉमसन सीडलेस, आणि हा थॉमसन कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला एक इंग्रज होता. त्या थॉमसनमधून तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवड करून जी जात काढली ती तास-ए-गणेश. नावातला तास तासगावचा आणि ए आर्व्यांचा. परकी वस्तू घ्यावी, ती आपल्या रानात निरखावी, आणि तिला आपल्या गावाचे व आपल्या देवाचे नाव देण्याइतकी आपलीशी करावी, हे आमच्या तालुक्याला मामांच्या निवृत्तीच्या पुष्कळ आधीपासून येते. शिवाय महाबळेश्वरच्या रस्त्यावर स्ट्रॉबेरीवर साय घालून पेल्याला जे पैसे घेतात, ते मामा दर मे महिन्यात नातवंडांसह मुकाट्याने देतात. तो त्यांच्या जिल्ह्याचा अभिमान ठरतो. (कलमाची उपमा पुढे ताणून ती माझ्यासारख्या परदेशस्थाला लावण्याचा मोह इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक दिवाळी अंकात कोणी ना कोणी पुरा करतोच, म्हणून मी तो इथे सोडून देतो.)

आप्पांना मात्र असे चटकन उत्तर देता येत नाही, कारण आप्पा जे म्हणतात ते मी पाहिले आहे. माझ्या लहानपणी आमच्या मळ्यात रस्त्याने जाणारा कोणीही माणूस शिरून ऊस मोडून खाऊ शकत होता. भुईमुगाच्या काढणीत, हुरड्याच्या दिवसांत, द्राक्षे उतरत असताना, बांधावर आलेल्याला रिकाम्या तोंडी पाठवणे हे आमच्या आजीच्या लेखी पाप होते. नियम एकच होता आणि तो सर्वांना माहीत होता: बसून पोटभर खावे, बांधून नेऊ नये. जो ओच्यात घालून नेई तो चोर, आणि जो तिथेच बसून त्याच्या दुप्पट खाई तो पाहुणा. भुईमूग काढून झाला की वस्तीवरच्या बायका सरवा वेचायला येत, आणि त्या जे वेचून नेत त्याचे माप कोणी घेत नसे. या सगळ्याला पैशांत मोजायचे म्हटले की आप्पांच्या छातीत जे दुखते ते ढोंग नाही.

त्या शनिवारी हनीक्रिस्पच्या ओळीच्या तोंडाशी एक पाटी होती. बागेत फिरताना एखादे फळ चाखायला हरकत नाही, पण पिशवीबाहेर काही नेऊ नये, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर होता. मी त्या पाटीसमोर बराच वेळ उभा राहिलो. माझ्या आजीला इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते आणि या बागवाल्याच्या आजीने सांगलीचे नाव ऐकलेले असण्याचा संभव नाही, तरी दोघींचा कायदा एकच होता. माझ्या न गेलेल्या उत्तरात हा मुद्दा नव्हता. असता, तर ते उत्तर थोडे कमी उद्धट झाले असते, कारण यातून असे निघते की तिकीट आणि पाहुणचार एका बागेत राहू शकतात. पण यातून असेही निघते की आजीच्या बागेत पाटी लागत नव्हती.

दुपारी आम्ही बागेच्या कडेला मांडलेल्या बाकांवर जेवायला बसलो. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत अशी सूचना तिथेही होती, आणि ती सूचना डोळ्यांसमोर असताना आम्ही चारही मराठी घरांनी पिशव्यांतून एकेक डबा काढला. सांगलीहून आलेले भडंग झिपलॉकच्या पिशवीतून हातोहात फिरले, कागदी बशीत लिंबू पिळले गेले, आणि पायचे दोन तुकडेही विकत आणले गेले, म्हणजे बागवाल्याचे नुकसान नको. शिस्तीचे गोडवे गाणारी माझ्यासारखी माणसे शिस्त नेमकी कुठे सोडतात, हे पाहायचे असेल तर आमच्या डब्यांत पाहावे. आप्पांना मी पाठवणार असलेल्या मजकुरात "इथे प्रत्येक जण नियम पाळतो" असे एक वाक्य होते. ते मी जेवता जेवता खोडले.

आणखीही काही गोष्टी त्या मजकुरात नव्हत्या, आणि त्या विसरून राहिलेल्या नव्हत्या, सोयीने गाळल्या होत्या. आम्ही पेकभर सफरचंदे तोडून शेतकरी झाल्याचा आनंद घेतो, पण या पट्ट्यातली खरी तोडणी जमैकाहून आणि मेक्सिकोहून हंगामापुरत्या व्हिसावर आलेली माणसे करतात. उत्सवाच्या दिवशी ती मिरवणुकीत नसतात; बागेच्या मागच्या बाजूला त्यांची घरे असतात आणि वेगमन्स या मोठ्या किराणा दुकानात रविवारी संध्याकाळी मोठी बस त्यांना घेऊन येते, तेवढेच त्यांचे दर्शन. मालकाने त्यांना राहायला जागा दिलीच पाहिजे असा कायदा आहे, हे मी गावी गर्वाने सांगतो, आणि आमच्या भागात बीडकडून येणारे ऊसतोड कामगार रानात पालाच्या खोपटात राहतात त्याच्याशी तुलना करतो. तुलना खरी आहे. पण त्या जमैकन माणसांपैकी एकाशीही इतक्या वर्षांत मी दोन वाक्ये बोललेलो नाही, आणि आप्पांना त्यांच्या बागेत विरळणीला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या मुलांची नावे पाठ आहेत, हेही खरे आहे. इथल्या बागवाल्यामागे सरकारी मदतीवर चालणारा पीकविमा असतो, जो दहिवर पडल्यावर खरोखर पैसे देतो, हेही मी लिहिले नव्हते, कारण ते लिहिले असते तर तिकिटाच्या जोरावर शेतकरी तरतो हा माझा सिद्धांत थोडा लंगडा पडला असता.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावा लागला ती सांगतो. जेवण झाल्यावर मालक आमच्या बाकांपाशी आला. डबे लपवण्याची आमची धावपळ त्याने पाहिली आणि न पाहिल्यासारखे केले. कुठून आलात, असे त्याने विचारले. रॉचेस्टर हे उत्तर त्याला नको होते, हे इतक्या वर्षांनी कळते. मी सांगितले की भारतातून, महाराष्ट्रातून, आणि आमची द्राक्षबाग आहे. त्याचा चेहरा एकदम बदलला. गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस शेजाऱ्याशी बोलू लागला. किती एकर, कोणता खुंट, पाणी कुठून येते, भुरीला काय मारता, मजूर मिळतात का. मी भराभर उत्तरे देत गेलो. म्हैसाळ योजनेचे पाणी, ठिबक, डॉगरिज, ऑक्टोबरची छाटणी. सध्या छाटणीच चालू आहे असेही मी सांगितले, जसा काही कात्री खाली ठेवून मी नुकताच इथे आलो होतो. त्याने जाताना मला त्याच्या स्वतःच्या पेटीतली दोन मोठी फळे दिली आणि शेतकऱ्याकडून शेतकऱ्याला, असे म्हणाला. नाशिककराची बायको माझ्याकडे बघत होती. "तुमची बाग आहे? कधी बोलला नाहीत," असे ती म्हणाली. मी मान हलवली. ती हो अशीही होती आणि नाही अशीही.

आमची बाग नाही. माझ्या वडिलांच्या वाटणीला पंचेचाळीस गुंठे आले होते, रस्त्याला लागून. 2001 मध्ये मला इथे यायचे होते, डॉलर सत्तेचाळीस रुपयांच्या आसपास होता, आणि सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची पदवी हातात असलेल्या मुलासाठी बँकेने जेवढे कर्ज दिले त्यात पहिल्या वर्षाची फी बसत नव्हती. वडिलांनी तो तुकडा विकायला काढला. बाहेरचा माणूस जास्त भाव देत होता. आप्पांनी सोसायटीचे कर्ज उचलून तेवढाच भाव दिला आणि जमीन घरातच ठेवली. त्या पैशांतून फी गेली आणि विमानाचे तिकीट निघाले. वडिलांनी त्यावर नंतर कधी एक अक्षर काढले नाही, आणि आप्पांनी तर नाहीच नाही. गावात अजूनही त्या तुकड्याला माझ्या वडिलांच्याच नावाने ओळखतात; सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे याच्याशी गावाच्या बोलण्याला काही देणेघेणे नसते. वडील जाऊन सहा वर्षे झाली.

आणि दादाने जो तुकडा लोकांसाठी खुला ठेवला आहे, तो हाच. रस्त्याला लागून असल्याने त्यालाच फलक लावता येतो, त्याच्याच कडेला गाड्या उभ्या राहतात. मिरजेचा बँकेतला कारकून माणशी दीडशे रुपये देऊन जिथे सतरंजीवर बसतो, तिथे मी शाळेतून येऊन दप्तर टाकत होतो.

हे माहीत असताना मी तिकिटाच्या बाजूने इतका का भांडतो, याचा विचार मी परतीच्या वाटेवर अंधार पडेपर्यंत करत होतो. मला आधी वाटले होते की मी दादाची बाजू घेतो आहे, शेतकऱ्याच्या हिताची, सुधारणेची. पण गावी गेल्यावर मी त्या तुकड्यात जातो तेव्हा काय होते, ते मला आठवले. आप्पा उठून उभे राहतात. वहिनी भाकरी टाकायला आत जातात. कोणी तरी चांगला घड शोधून, पाण्याने धुऊन, ताटात घालून माझ्यापुढे आणतो, आणि मी खुर्चीवर, सगळे जमिनीवर. मी किती दिवस आहे, असे विचारले जाते. मला त्या बागेत हक्काने जाता येत नाही, कारण हक्क विकलेला आहे, आणि सहज जाता येत नाही, कारण माझ्या येण्याने घरातल्या चार माणसांची कामे खोळंबतात. कारकुनाचे तसे नाही. तो दीडशे रुपये देतो, कात्री घेतो, पाहिजे त्या ओळीत शिरतो आणि मन भरले की निघतो. त्याच्यासाठी कोणी उठून उभे राहत नाही. मला तसे जायचे होते. मी सुधारणेच्या नावाखाली स्वतःसाठी एक तिकीट मागत होतो.

घरी पोचल्यावर तो मजकूर मी पुन्हा वाचला, त्यातला थॉमसनचा भाग ठेवला, मामांना उद्देशून असलेली दोन वाक्ये काढली, आणि पाठवून दिला. गावाकडे पहाट होती. आप्पा लवकर उठतात. अर्ध्या तासाने त्यांचे उत्तर आले: "वाचलं. छाटणी झाली. तुझ्या बापाच्या तुकड्यात काडी चांगली निघालीय. फेब्रुवारीत येणार काय?" तिकिटाबद्दल एक शब्द नव्हता. मामांनी अंगठा दाखवला, तो मला की आप्पांना हे कळायला मार्ग नाही.

सोमवारी, सुट्टी असल्याने, आम्ही विमानाची तिकिटे काढली. मी, पत्नी आणि दोन मुले, फेब्रुवारीचे शेवटचे दोन आठवडे. मग मी वहिनींना फोन केला आणि फलकावर लिहिल्याप्रमाणे चार माणसांचे नाव लावून ठेवायला सांगितले. त्या हसल्या. "तुमच्याकडनं पैसे घेतले तर तुमचं दादा मला घरात घेतील व्हय?" मी म्हटले की दादाला सांगू नका. फोन ठेवल्यावर मी भारतातल्या खात्यातून त्यांच्या नंबरावर सहाशे रुपये पाठवले. ओट्यावर बागवाल्याने दिलेली दोन सफरचंदे अजून तशीच होती. मुलांनी पेकमधली संपवत आणली होती, पण या दोनांना कोणी हात लावला नव्हता, आणि मीही ती कापायला धजत नव्हतो.

दहा मिनिटांत सहाशे रुपये परत आले. सोबत वहिनींचा निरोप होता: "पाव्हण्यांकडनं घेत नाही, भावजी. या. कात्री तेवढी हातात घ्या, घड ओढू नका."